वाचकांचे प्रश्न : विचारलं की तेच परत म्हणतो

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या खेपेला आलेली बरीच पत्रं मुलांच्या बोलण्याबद्दल आहेत. काही मुलांना स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान झालेलं आहे. काही घरांत तो शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही. बोलणं आणि संवाद यांतला फरक आम्ही उत्तरं देताना सतत समोर ठेवला आहे. दोनशे शब्द येणाऱ्या मुलाला तहान लागल्यावर पाणी मागता येत नसेल, तर ती संवादाची अडचण आहे. उलट एकही शब्द न बोलणारं मूल बाबांचं बोट धरून दाराकडे नेत असेल, तर ते संवाद करतंय. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढले आहेत.

प्रश्न : मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत ‘बाबा’, ‘मम’, ‘भूभू’ म्हणायचा, नंतर ते शब्द गेले. हाक मारली तर वळत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पळतो, म्हणजे ऐकू तर येतंय. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही चार वर्षांचे झाल्यावर बोलले. वेखंड उगाळून मधातून चाटवा. थांबून पाहू का?
— आई, कोरेगाव

उत्तर : थांबू नका. सासूबाई सांगतात तशी उशिरा बोलणारी मुलं असतात, हे खरं. पण त्यातली बहुतेक मुलं बोलण्याआधीही बोटानं दाखवतात, हाकेला वळतात, रिकाम्या कपातून चहा प्यायचं नाटक करतात. तुमच्या मुलाचे आलेले शब्द गेले आहेत. कोणत्याही वयात शब्द गेले, तर तेवढ्या एका कारणावर तपासणी करून घ्यायची असते.

पहिल्यांदा कान. कुकरच्या शिट्टीचा आवाज इतका मोठा असतो की मध्यम श्रवणदोष असलेल्या मुलालाही तो कळतो. बोलण्यातले स, श, फ हे आवाज फार बारीक असतात आणि नेमके तेच निसटतात. वारंवार सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकणं अंधूक होतं. दुसरीकडे, मोठ्या आवाजाला कान झाकणं स्वमग्न मुलांमध्ये खूप दिसतं. म्हणून अंदाज न बांधता ओएई आणि बेरा या दोन्ही तपासण्या करा. ओएई काही मिनिटांत होते, पण ती फक्त आतल्या कानाचं काम सांगते. पुढे नसेमधून संदेश जातो का, हे बेरा सांगते. बेरा झोपेत करतात. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, टोचत काही नाहीत. आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि साताऱ्याला जाताना गाडीत डुलकी लागू देऊ नका. बऱ्याच वेळा फेरी फुकट जाते ती याच डुलकीमुळे. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं, हे फोन करून आधी विचारा.

कानाची तारीख मिळेपर्यंत घरी दोन गोष्टी पाहून ठेवा. हवी असलेली वस्तू तो बोटानं दाखवतो का? आणि नुसतं ‘बघ ना’ म्हणून, काही नको असतानाही, विमान किंवा कुत्रा दाखवतो का? दुसरं दाखवणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यात आपल्याला दिसलेलं दुसऱ्यालाही दिसावं ही इच्छा असते आणि भाषा त्या इच्छेवर उभी राहते. जेवताना, एकटा खेळताना आणि तुमच्याशी खेळताना असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा. दवाखान्यात मूल घाबरलेलं असतं, तिथं जे दिसत नाही ते व्हिडिओत दिसतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे. ती बालरोगतज्ज्ञांकडून भरून घ्या. चाळणीत अडकला म्हणजे निदान झालं असं होत नाही. पुढची तपासणी लागेल, एवढंच त्यातून कळतं. मधूनच टक लावून थिजणं, अंगाला झटके, असं काही दिसलं असेल तर ते न विचारताच सांगा.

कुठं जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ताईंकडे नाव द्या, पण पथकाची वाट बघत बसू नका. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ची चौकशी करा. लहान मुलांच्या विकासातले दोष लवकर ओळखून त्यावर काम करणारं ते केंद्र असतं. निदानाचा कागद हातात येईपर्यंत स्पीच थेरपी थांबवायचं कारण नाही.

वेखंडाचं म्हणाल, तर शब्द अडले आहेत ते जिभेच्या जडपणामुळे नव्हे. हाकेला वळणं आणि बोटानं दाखवणं यांत जिभेचं काम नाही आणि तुमच्या मुलाची अडचण तिथंच सुरू झाली आहे. हाच मुद्दा सासूबाईंना समजावून सांगा.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा, स्वमग्नतेचं निदान झालंय. बोलतो, पण ‘नाव काय तुझं?’ विचारलं की ‘नाव काय तुझं’ असंच म्हणतो. तहान लागली की माझ्याजवळ येऊन ‘तुला पाणी पाहिजे?’ म्हणतो. मुलगा असून ‘मी जाते’, ‘मी खाते’. चिडला की एसटी स्टँडवरची घोषणा सुरू, ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्या.’ आम्ही रागावतो, ‘नीट बोल’ म्हणतो. हे बंद कसं करायचं?
— वडील, पलूस

उत्तर : बंद करू नका. सगळ्यात आधी ‘नीट बोल’ हे दोन शब्द घरातून काढा. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. आपण त्याला प्रतिध्वनी म्हणू. बरीच स्वमग्न मुलं भाषा सुट्या शब्दांनी न उचलता अख्ख्या वाक्यानं उचलतात. ‘तुला पाणी पाहिजे?’ हे वाक्य त्यानं पाणी मिळताना शेकडो वेळा ऐकलं आहे. त्याच्या लेखी पाणी मिळण्याचं नाव ते आहे. म्हणजे तो बरोबर ठिकाणी, बरोबर माणसाला, कामाचं वाक्य म्हणतोय. त्यातला फक्त ‘तुला’ चुकतोय.

घोषणेचंही तसंच आहे. एक वही करा आणि आठवडाभर चार रकाने भरा : काय म्हणाला, कुठं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय मिळालं. पंधरा-वीस नोंदी झाल्या की अर्थ दिसायला लागतो. घोषणा घरात गर्दी झाल्यावर येत असेल, तर तिचा अर्थ ‘मला बाहेर न्या’ असू शकतो. स्टँडवर कधी घाबरला असेल तर ‘मला भीती वाटतेय’ असाही. अर्थ कळला की तुम्ही त्याच्या वतीनं छोटं वाक्य म्हणायचं, ‘बाहेर जाऊ’, आणि लगेच बाहेर न्यायचं. अर्थ लागला नाही तरी बिघडत नाही. काही वेळा तो प्रतिध्वनी मनाला शांत करण्यासाठीच असतो, तो चालू द्यावा.

आता ‘मी’ आणि ‘तू’. हे शब्द बोलणाऱ्याप्रमाणे बदलतात. मी मला ‘मी’ म्हणतो आणि त्याला ‘तू’. तो ऐकतो ते ‘तू’, आणि तेच स्वतःसाठी वापरतो. यावर उपाय असा की मोठ्यांनी त्याच्या तोंडचं वाक्य म्हणायचं. पाण्याची वेळ झाली की ‘तुला पाणी पाहिजे?’ असं न विचारता ‘मला पाणी दे’ असं त्याच्या बाजूनं म्हणा आणि पाणी द्या. ‘म्हण, मला पाणी दे’ असं सांगितलंत तर तो ‘म्हण मला पाणी दे’ हेच म्हणेल आणि तो ‘म्हण’ चिकटला की निघता निघत नाही. घरात दोन मोठी माणसं असतील तर फारच चांगलं. एकानं पेला घेऊन समोर गप्प उभं राहायचं, दुसऱ्यानं मुलाच्या मागून, कानाजवळ, हळू आवाजात ‘मला पाणी दे’ म्हणायचं. त्यानं म्हटलं, अर्धं म्हटलं, नुसतं ‘पाणी दे’ म्हटलं तरी पेला लगेच हातात. पुढच्या आठवड्यात मागची कुजबुज ‘मला…’ एवढ्यावर आणा, मग नुसता थोडा वेळ थांबा. दहा सेकंद थांबणं फार लांब वाटतं. मनात मोजा, कारण घाईनं तिसऱ्या सेकंदाला पेला दिला की सगळं तिथंच राहतं.

नावाच्या प्रश्नालाही हीच युक्ती लावा. एकानं विचारायचं, ‘नाव काय?’ प्रतिध्वनी येण्याआधीच दुसऱ्यानं मागून नाव सांगायचं. अक्षरं ओळखत असेल तर नावाची चिठ्ठी दाखवली की काम आणखी सोपं होतं, कारण लिहिलेला शब्द हवेत विरत नाही.

‘पोळी की भात?’ असं विचाराल तेव्हा सावध राहा. प्रतिध्वनी शेवटच्या शब्दाचा येतो. तो ‘भात’ म्हणाला म्हणून ताटात भात वाढला आणि त्यानं ताट ढकललं, तर ‘स्वतःच मागतो आणि स्वतःच फेकतो’ असा आरोप त्याच्यावर येतो. एकदा ‘भात की पोळी?’ असं उलटं विचारून पाहा. दोन्ही वेळा शेवटचाच शब्द आला तर ती निवड नव्हती. दोन्ही वस्तू समोर धरा आणि हात कुठं जातो ते पाहा.

मराठीत नकाराचे दोन शब्द आहेत, ‘नको’ आणि ‘नाही’. आधी ‘नको’ शिकवा. ‘नाही’ म्हणायला समोरची गोष्ट तपासावी लागते, ‘नको’ म्हणायला फक्त स्वतःचं मन लागतं. नावडती भाजी समोर आणा, त्याच्या वतीनं ‘नको’ म्हणा आणि त्याच क्षणी भाजी मागे घ्या. ‘नको’ म्हणूनही घास भरवला, तर तो शब्द मेला आणि मग ओरडणं, चावणं हेच उरतं. औषधासारखी जी गोष्ट टाळता येणार नाही, तिथं शिकवणीला बसू नका.

‘मी जाते’ तो आईकडून उचलतो, कारण दिवसभर तीच बोलते. (सांगली-कोल्हापूरकडच्या काही घरांत बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, तिथं हा प्रश्न उठतच नाही.) ‘तू मुलगा आहेस ना!’ असं टोकू नका. त्याच्या वतीनं बोलताना आईनंही ‘मी जातो’, ‘मी खातो’ वापरावं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक याहून अवघड आहे. ‘आम्ही दुकानात जातोय’ ऐकून मूल चप्पल घालून दारात येतं आणि मग त्याला मागे ठेवलं की आकांत करतं. त्याला नेणार नसाल तर ‘बाबा दुकानात जाणार, तू घरी’ असं नाव घेऊन सांगा.

अंघोळ, जेवण आणि बाहेर जाणं ही तीन कामं निवडा आणि प्रत्येकात चार-पाच संधी द्या. एका जागी बसवून तासभर घोकून घेण्यापेक्षा दिवसातल्या अशा पंधरा संधी जास्त देतात. आणि ‘हे काय? हा रंग कुठला? गाय कशी ओरडते?’ ही पाहुण्यांसमोरची परीक्षा थांबवा. तिच्यातून नावं पाठ होतात, मागणं शिकता येत नाही.

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची, एकही शब्द नाही. थेरपिस्टनी चित्रांची वही करायला सांगितली. चित्रं दिली तर ती बोलायचा प्रयत्नच सोडेल, अशी आम्हाला भीती वाटते.
— आई, मिरज

उत्तर : ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते आणि अभ्यास तिच्या उलट सांगतात. चित्रांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसत नाही. काही मुलांत ते थोडं वाढतं. सहा वर्षांच्या मुलीला पोट दुखतंय हे सांगायला आज काही साधन नाही, याची काळजी आम्हाला जास्त वाटते.

चित्र देऊन वस्तू घेण्याची पेक्स ही पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिचे सहा टप्पे आहेत. पहिला टप्पा नीट झाला नाही तर पुढचे पाच ढासळतात, म्हणून त्याच्यावर इथं जास्त लिहितो.

तिला मनापासून आवडणारी एक गोष्ट निवडा आणि ती इतर वेळी हाताला लागणार नाही अशी ठेवा. समजा चिवडा. त्याच वाटीचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो काढा, साधारण ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर, लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावा. दोन माणसं लागतात. समोरचा माणूस चिवडा दाखवतो आणि काहीही बोलत नाही. मुलगी वाटीकडे हात नेते, तेव्हा मागचा माणूस तिचा हात धरून चित्र उचलायला आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. चित्र हातात पडताच समोरचा ‘चिवडा!’ म्हणतो आणि चिमूटभर देतो. वाटीभर दिला तर एका मागणीत पोट भरतं, पुढची संधी जाते. मागचा माणूस मदत शेवटाकडून कमी करत आणतो. आधी तळहातावर ठेवताना हात सोडायचा, मग नेताना, शेवटी उचलताना. मदतीशिवाय सलग द्यायला लागली की पुढच्या टप्प्यात थोडं दूर जायचं, म्हणजे माणसाकडे चालत यावं लागेल, मग दुसऱ्या खोलीत. दोन चित्रांतून निवड हा त्याच्याही पुढचा, तिसरा टप्पा आहे. बरीच घरं पहिल्याच दिवशी वीस चित्रांचा तक्ता भिंतीवर लावतात आणि ‘तिला चित्रं कळतच नाहीत’ म्हणून आठवड्यात सोडून देतात.

आणखी कुठं बिघडतं? समोरचा आधीच ‘काय हवं?’ विचारतो, मग मूल विचारल्याशिवाय मागायला शिकत नाही. वही कपाटात राहते; ती मुलीच्या हाताला लागेल अशी, बाहेर जाताना गळ्यात किंवा पिशवीत हवी. सगळी चित्रं खाण्याचीच असतात. ‘दुखतंय’, ‘बस झालं’, ‘शी-शू’, ‘मदत कर’, ‘बाहेर’ हीही हवीत. शिवाय मोठी माणसं स्वतः वही वापरत नाहीत. आपण बोलताना बोट चित्रावर ठेवलं तरच तिला ती भाषा वाटेल.

फोनवरचं ॲप हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीत बोलतं. त्यासाठी जुना का होईना, वेगळा फोन किंवा टॅब ठेवा. ज्या फोनवर कार्टून बघते त्याच फोनवर ॲप दिलं तर ती ते बंद करून कार्टूनच लावणार, त्यात तिचा दोष नाही. कागदी वहीही ठेवाच. चार्जिंग संपल्यावर मुलीचा आवाज बंद पडायला नको.

प्रश्न : आमच्या घरी कन्नड बोलतात, अंगणवाडी मराठी. नातू तीन वर्षांचा, स्वमग्न. नातेवाईक म्हणतात, दोन भाषांमुळेच गोंधळलाय, एकच ठेवा आणि तीही इंग्रजी, कारण मोबाइलवर तो इंग्रजीच म्हणतो.
— आजी, जत तालुका

उत्तर : आजी, तुम्ही त्याच्याशी कन्नडच बोला. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही. दोन भाषांच्या घरातली स्वमग्न मुलं एका भाषेच्या घरातल्या स्वमग्न मुलांपेक्षा भाषेत मागे पडतात, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्हाला जी भाषा मनापासून येते तिच्यात तुम्ही लाड करता, रागावता, गाणी म्हणता. ती काढून घेऊन मोडकी इंग्रजी दिली तर त्याच्याशी बोलणारं माणूसच एकानं कमी होईल. तपासणीच्या वेळी दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायला सांगा. ‘नीर’ आणि ‘पाणी’ दोन्ही येत असतील तर ते त्याच्या खात्यात जमा धरायचे.

मोबाइलवरची इंग्रजी म्हणजे पाठ झालेली गाणी. ‘ॲपल’ म्हणणारा नातू सफरचंद मागतो का, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तितकं बरं. मोबाइलमुळे स्वमग्नता झाली असा दोष सुनेला देऊ नका. पण स्क्रीनपुढे गेलेला प्रत्येक तास माणसांबरोबरचा तास खातो.

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. गणितात पुढे, बोलणं पुस्तकी. मला ‘बाई, तू चुकलीस’ म्हणतो. ‘सगळ्यांनी वह्या काढा’ म्हटलं तरी काढत नाही. ‘डोकं खाऊ नकोस’ म्हटलं तर म्हणाला, ‘मी डोकं खात नाही.’ मुलं हसतात. उद्धट आहे का?
— शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, वाई तालुका

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टींत उद्धटपणा दिसत नाही. शब्द आणि व्याकरण पक्कं, पण कोणाशी, कधी, कसं बोलायचं हा न लिहिलेला नियम हाती लागत नाही, अशी मुलं असतात. ‘सगळ्यांनी’मध्ये आपणही आहोत हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. सूचनेआधी त्याचं नाव घ्या, ‘गणिताची वही काढ’ एवढंच सांगा, पाच-सहा सेकंद थांबा. मग तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणा. आपण दुसऱ्यांदा सांगताना शब्द बदलतो आणि त्याच्यासाठी ती नवीन सूचना होते. ‘दंगा नको’ याऐवजी ‘जागेवर बस, हात बाकावर’. काय करायचं नाही हे सांगून काय करायचं ते त्याला कळत नाही.

‘तू-तुम्ही’ उघडपणे शिकवा, नियम म्हणून : शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांना ‘तुम्ही’. नियम त्याला आवडतील. चुकला तर वर्गासमोर नको, वहीच्या कोपऱ्यात ‘तुम्ही’ लिहून दाखवा. वाक्प्रचार मराठीच्या तासाला सगळ्या वर्गालाच चित्रासकट शिकवा, ‘पोटात कावळे ओरडतात’ची दोन चित्रं, शब्दशः एक आणि खऱ्या अर्थाचं एक. मुलंही हसतील, पण या वेळी त्याच्यावर नाही. परिपाठाला स्पीकरशेजारी उभं करू नका. सहलीचा किंवा स्नेहसंमेलनाचा बदल आदल्या दिवशी फळ्यावर लिहा.

पालकांशी बोलताना आधी तो काय चांगलं करतो ते सांगा, मग पाहिलेले प्रसंग तारखेसह द्या. निदानाचं नाव तुम्ही उच्चारू नका. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रामार्फत मिळतात, त्यांना वर्गात बोलवा.

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची. डोळ्यात बघते, खेळते, सगळं समजतं असं वाटतं, पण वाक्यं तुटकी : ‘आई बाजार भाजी आणलं.’ कान ठीक, स्वमग्नता नाही असं सांगितलं. मग हे काय?
— आई, कराड

उत्तर : यालाही नाव आहे : भाषाविकासाचा विकार, इंग्रजी आद्याक्षरांत डीएलडी. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या मोठ्या पाहण्यांत शाळेत जाऊ लागलेल्या १०० मुलांमागे साधारण ७ मुलांत तो आढळला, तरी त्याचं नाव फार थोड्या पालकांनी ऐकलेलं असतं. मूल खेळकर असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. दुसरी-तिसरीत वाचन अडतं तेव्हा ‘लक्ष देत नाही’ असा शेरा बसतो. ‘सगळं समजतं’ हे तपासून पाहा. हातानं किंवा नजरेनं खूण न करता सांगा, ‘चमचा वाटीच्या मागे ठेव आणि मग दार लाव.’ खुणेशिवाय अडखळली तर समजण्यातही अडचण आहे, ते थेरपिस्टना सांगा.

चूक दुरुस्त करताना ‘असं नाही, असं म्हण’ नको. तिचंच वाक्य पूर्ण करून परत द्या : ‘हो, आईनं बाजारातून भाजी आणली.’ ‘-नं’ आणि ‘-तून’ किंचित लांबवा. तिनं ते पुन्हा म्हणावं असा आग्रह नको. दिवसात असं पुष्कळदा झालं की कान तयार होतो.

प्रश्न : नातू स्वमग्न आहे. स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की मूल बोलतं असं एका ठिकाणी सांगितलं. शेत गहाण ठेवायची तयारी आहे. शिवाय लसीमुळे हे झालं का?
— आजोबा, फलटण

उत्तर : शेत गहाण ठेवू नका. स्वमग्नतेवर स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, उपयोग सिद्ध झालेला नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनंही २०२२ मध्ये हा उपचार म्हणून वापरण्याची शिफारस नाही असं सांगितलं. शरीरातले धातू काढण्याची औषधं आणि दाबाच्या ऑक्सिजनच्या पेट्या यांचंही तेच. त्यातली धातू काढणारी औषधं जिवाला धोकादायक ठरू शकतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख ज्या नियतकालिकात आला, त्यानंच तो २०१० मध्ये मागे घेतला. नातवाची राहिलेली लस द्या.

प्रश्न : दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का? मुलाच्या नावाला शिक्का बसेल असं घरात म्हणतात.
— वडील, तासगाव

उत्तर : काढा. कोणाला दाखवायचं हे तुमच्या हातात राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. लेखी परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ अशी सवलत केंद्राच्या सूचनांत आहे. बोर्डासाठी शाळेमार्फत अर्ज आधीच करावा लागतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यसंरक्षण मिळतं आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. स्वमग्नतेसाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण; बेरीज ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता धरत नाहीत. यातली बरीचशी माहिती तुमच्याकडूनच घेतली जाते, आणि इथं पालक मुलाची लाज राखायला ‘तसं करतो, पण कधीतरीच’ म्हणतात, गुण कमी पडतात, प्रमाणपत्र नाकारलं जातं. घरी पंधरा दिवस नोंद ठेवा : किती वेळा हाकेला वळला, किती वेळा स्वतःला मारून घेतलं, रात्री किती वाजता उठला. ती वही, व्हिडिओ आणि थेरपीचे कागद सोबत न्या. मूल लहान असेल तर प्रमाणपत्र तात्पुरतं मिळू शकतं. पुन्हा तपासणीची तारीख त्यावर छापलेली असते. तिच्या दोन-तीन महिने आधीच अर्ज टाका, म्हणजे मधल्या काळात सवलती तुटणार नाहीत.